वाचकांचे प्रश्न : आशेने नांगरावे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच दुखण्याची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून, लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, प्रभूमध्ये सलाम. मी नागपुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. 2021 च्या एप्रिलमध्ये माझे वडील कोरोनाने गेले; त्यांना खाट मिळावी म्हणून आम्ही दीड दिवस गाडीतून फिरत होतो. 2023 च्या सप्टेंबरात नाग नदीचे पाणी आमच्या घरात शिरले आणि वडिलांनी जपून ठेवलेले सगळे कागद त्यात गेले. रोज उठून युद्धाच्या बातम्या ऐकायच्या, मे महिन्यात 45 च्या पुढे गेलेल्या पाऱ्यात मुलांना शिकवायचे, आणि वर्गातली मुलगी विचारते की, ‘मॅडम, आम्ही मोठे होईपर्यंत नागपूर राहण्यासारखे उरेल का?’ मंडळीत मात्र घरोघरी भरणाऱ्या प्रत्येक प्रार्थनासभेत, म्हणजे कॉटेज मीटिंगमध्ये, ‘प्रभू सर्व काही ठीक करील’ एवढेच ऐकू येते. मला त्याचा राग येतो आणि राग आल्याबद्दल अपराधीही वाटते. आशा धरणे म्हणजे जाणूनबुजून डोळे मिटून घेणे नव्हे काय? माझे पती तर म्हणतात की अशा जगात आपण मूल होऊ देऊ नये. मी काय समजावे?
एक भगिनी, नागपूर

उत्तर : ताई, सलाम. पहिल्यांदा त्या रागाविषयी. ज्या घरातून नुकतीच शवपेटी बाहेर पडली आहे त्या घराच्या ओट्यावर बसून ‘सगळे ठीक होईल’ म्हणणाऱ्याला पुष्कळदा स्वतःचीच भीती घालवायची असते. मी स्वतः तरुणपणी पाळक म्हणून अशी वाक्ये बोललो आहे आणि समोरच्या माणसाने मान खाली घालून ती सोसली आहेत, हे मला फार उशिरा कळले. तेव्हा तुमच्या रागात अविश्वास आहे असे मला वाटत नाही. पवित्र शास्त्रात हा राग एका संदेष्ट्याच्या वाट्याला आलेला आहे, आणि तुम्हाला उत्तर देताना मी त्याच्याच दाराशी जाणार आहे.

यिर्मया संदेष्ट्याच्या काळी यरुशलेमवर बाबेलचे, म्हणजे बॅबिलोनच्या साम्राज्याचे, संकट घोंगावत होते. लोकांना ते कळावे म्हणून यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन हिंडत होता. तेव्हा हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात उभा राहिला आणि त्याने सर्वांसमक्ष जाहीर केले की दोन वर्षांच्या आत बाबेलचे जू मोडेल, लुटून नेलेली पात्रे परत येतील, सगळे ठीक होईल. यावर यिर्मयाने काय म्हणावे? तो म्हणाला, आमेन, परमेश्वर तसेच करो. या ‘आमेन’जवळ मी नेहमी थांबतो. लोकांचे बरे व्हावे अशी त्याचीही इच्छा होती. हनन्याइतकीच, कदाचित जास्त. पण हनन्याने पुढे येऊन त्याच्या मानेवरचे जू ओढून मोडले, लोकांना ते आवडले असणार, आणि यिर्मयाला नंतर येऊन सांगावे लागले की लाकडाचे मोडलेस, आता लोखंडाचे येईल. अठ्ठाविसाव्या अध्यायात हा सगळा प्रसंग आहे. तुमच्या कॉटेज मीटिंगमध्ये जे बोलले जाते त्याला ख्रिस्ती आशा म्हणण्यापेक्षा हनन्याची भविष्यवाणी म्हणणे मला अधिक योग्य वाटते. ती बोलणारे लोक वाईट नसतात, त्यांना घाई असते इतकेच.

आता त्याच पुस्तकाचा बत्तिसावा अध्याय उघडा. काही वर्षे गेली आहेत, बाबेलच्या सैन्याने शहराला वेढा दिला आहे, आणि राजाने यिर्मयाला पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत ठेवले आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो की अनाथोथ येथील माझे शेत तू विकत घे, तो हक्क तुझा आहे. अनाथोथ हे यरुशलेमपासून जेमतेम दीड-दोन कोसांवरचे गाव, आणि त्या भोवतालचा सगळा मुलूख शत्रूच्या ताब्यात. आपल्याकडे एखादा चुलतभाऊ असा मुहूर्त साधून शेत विकायला आला असता तर घरातल्या बायकांनी त्याला चहासुद्धा विचारला नसता.

यिर्मयाने ते शेत घेतले. पुढचा तपशील इतका बारकाईने दिला आहे की दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एकदा तरी दुपार घालवलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल. किंमत 17 शेकेल रुपे. ते तराजूत तोलून दिले. खरेदीखत लिहिले, त्यावर सही केली, साक्षीदार आणले, त्यांच्याही सह्या झाल्या. खताची एक प्रत मोहोरबंद केली आणि एक उघडी ठेवली. दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगितले की या मातीच्या भांड्यात घाल, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. जग बुडत असताना हा माणूस कागद टिकण्याची व्यवस्था करीत होता. पुराच्या पाण्यात ज्यांचे कागद गेले त्या तुम्हाला या मडक्याचे मोल मी वेगळे सांगायला नको.

तुम्ही विज्ञान शिकवता, म्हणून एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. यिर्मयाचा अंदाज चुकीचा नव्हता. शहर पडणार असे तो म्हणत होता आणि शहर पडले, जळाले, लोक बंदिवासात गेले. शेत विकत घेताना त्याने आपल्या अंदाजात एका अक्षराचाही फरक केला नाही. म्हणजे त्याला डोळे मिटावे लागले नाहीत. आणखी एक गंमत पाहा. व्यवहार पुरा झाल्यावर तो प्रार्थनेला बसतो, आणि त्या प्रार्थनेत तो देवाला जवळजवळ विचारतो की, शहर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती जात आहे आणि तू मला शेत विकत घ्यायला सांगतोस? आधी सही, मग शंका. आपण उलटे समजतो. आपल्याला वाटते की मनातल्या सगळ्या शंका फिटल्या की मग आपण काहीतरी करू. यिर्मया त्या शंकेसकट तराजूपाशी उभा राहिला.

त्या शेतात त्याने कधी पेरणी केल्याचा उल्लेख नाही. पुढे लोकांनी त्याला मिसर देशात नेले आणि तिथेच त्याची कथा आपल्या नजरेआड होते. पण एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बंदिवासातून परतलेल्यांची यादी आहे, आपण वाचताना जी कंटाळून सोडून देतो ती. त्या यादीत एक ओळ आहे : अनाथोथचे पुरुष, 128. मी ही ओळ पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटवले नाही.

निराशेविषयी माझा एक आक्षेप आहे, तो इथे मांडतो. आशावादी माणसाला आपण भोळा म्हणतो आणि निराश माणसाला जाणकार समजतो. पण नीट पाहिले तर निराश माणसालाच पुढचे सगळे ठाऊक असते. काही होणार नाही, कोणी बदलणार नाही, करून उपयोग नाही, ही सगळी वाक्ये भविष्यकाळी आहेत आणि ती बोलणाऱ्याच्या आवाजात ज्योतिष्यालाही लाजवील अशी खात्री असते. अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य ‘आम्हाला आशा होती’ असे भूतकाळात बोलत होते. त्यांची माहिती खरी होती. येशूला वधस्तंभावर दिले होते, तिसरा दिवस उजाडला होता, बायकांनी रिकामी कबर पाहिल्याचेही त्यांनी ऐकले होते. फक्त त्या माहितीवरून काढलेला शेवट चुकला होता, आणि ज्याच्याविषयी ते बोलत होते तोच त्यांच्या शेजारून चालत होता. ख्रिस्ती माणूस आशा धरतो तो आकडे चांगले आहेत म्हणून धरत नाही. ज्याला मेलेल्यांतून उठवले गेले त्याच्या हाती शेवट आहे, म्हणून शेवट आपल्याला ठाऊक असल्याचा दावा तो सोडून देतो.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (6:19) आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. समुद्रापासून इतक्या लांब, काळ्या मातीच्या मुलखात वाढलेला मी, लहानपणी हा नांगर बैलांचाच समजत होतो. संडे स्कूलच्या बाईंनी फळ्यावर जहाज काढले तेव्हा माझा फारच हिरमोड झाला. जहाज बांधून ठेवणारा नांगर आणि जमीन उलथणारा नांगर हे मूळ भाषेत वेगळे शब्द आहेत हे पुढे सेमिनरीत कळले. पण मराठीने त्यांना एकाच नावाने हाक मारली याचे मला आजही बरे वाटते. कारण करिंथकरांस पहिल्या पत्रात (9:10) पौल लिहितो की नांगरणाऱ्याने आशेने नांगरावे. एक नांगर घट्ट धरून ठेवतो, दुसरा चालायला लावतो, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये पहिल्याविषयी पुष्कळ गाणी म्हटली जातात, दुसरा गोठ्याच्या भिंतीला टेकून पडलेला असतो.

विदर्भात बसून शेतकऱ्याचे उदाहरण द्यायला मला संकोच वाटतो. मृगाच्या भरवशावर धूळपेरणी करणारा माणूस आशेचे मूर्तिमंत रूप आहे असे व्यासपीठावरून म्हणणे सोपे. त्याच भरवशाने दगा दिल्यावर किती घरांतून काय घडले हे आपण सगळे जाणतो. म्हणून एवढेच म्हणतो की नांगर एकट्याच्या खांद्यावर टाकला की तो त्याला गाडतो. जुन्या काळी खेड्यात इर्जिक घालीत. ज्याचे बैल मेले, ज्याच्या घरात दुखणे आले, त्याच्या शेतात गावचे दहा-बारा नांगर एका दिवशी उतरायचे, शेत संध्याकाळपर्यंत नांगरून व्हायचे, आणि ज्याचे शेत तो सगळ्यांना जेवण घालायचा. ‘धीर धरा’ असे त्या शेतकऱ्याला वेगळे म्हणावे लागत नसे. मंडळी ही मुळात अशीच काहीतरी असावी असा माझा समज आहे.

तुमच्या घरात पाणी शिरले त्या 23 सप्टेंबरला, अंबाझरी तलाव ओसंडल्यानंतर, मीही नदीकाठच्या एका वस्तीत गेलो होतो. एका घरात भिंतीवर कमरेच्या वर चिखलाची सरळ रेघ उमटली होती, जणू कोणी पट्टी लावून आखली असावी. फ्रिज आडवा पडला होता, त्याच्या दारात तांदूळ फुगून बसले होते, आणि घरची म्हातारी पलंगाच्या काठावर बायबलची ओली पाने एकेक करून सोडवत होती. मी सवयीने हात जोडून म्हणालो, आपण प्रार्थना करू या का? ती म्हणाली, “प्रार्थना मंग करू जी पाळकसाहेब, आधी तो खराटा घ्या.” मी खराटा घेतला. गणेशोत्सवाचे दिवस होते. समोरच्या मंडळाची पोरे आरती आटोपून आली आणि त्यांनी बादल्यांची रांग लावली. दुपारपर्यंत चार घरे निघाली. प्रार्थना झाली ती तीन वाजता, चिवडा खाताना, आणि त्यात ती पोरेही डोळे मिटून बसली होती. माझ्या पाळकपणाच्या वर्षांत ज्या प्रार्थना मला खऱ्या वाटल्या त्यांपैकी ती एक.

पंडिता रमाबाईंची आठवणही इथे करायला हवी, कारण त्या कथेत आपला मुलूख येतो. 1870 च्या दशकात दक्षिणेतल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील आणि बहीण अन्नावाचून गेले. पुढे 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती, तेव्हा आपल्यावर गुदरलेले आठवून त्या इकडे आल्या आणि शेकडो निराधार मुलींना सोबत घेऊन गेल्या. केडगावचा त्यांचा मुक्ती हा आश्रम त्यातूनच वाढला. दुष्काळ हटवणे त्यांच्या हाती नव्हते. जेवढ्या मुली गाडीत बसवता येतील तेवढ्या बसवणे हाती होते.

मूल होऊ द्यावे की नाही, याचे उत्तर एका स्तंभातून देणे मला शोभणार नाही. तो तुम्हा दोघांचा प्रश्न आहे. तुमच्या पतीच्या बोलण्यात काळजी आहे, ती हेटाळू नका. पुन्हा यिर्मयाकडेच बघा : त्याला स्वतःला देवाने लग्न करू नको, मुलेबाळे होऊ देऊ नको असे सांगितले (16:2), आणि त्याच यिर्मयाने बाबेलातल्या बंदिवानांना पत्र लिहिले की घरे बांधा, मळे लावा, लग्ने करा, मुले होऊ द्या, आणि ज्या नगरात तुम्ही आहात त्याच्या कल्याणासाठी झटा (29:5-7). एकाच माणसाच्या तोंडी दोन्ही आहेत. फक्त एवढे पाहा की निर्णय कोणताही असो, तो भीतीने तुमच्या वतीने परस्पर घेऊन टाकलेला नसावा.

राहिली वर्गातली मुलगी. तिला ‘हो, राहील’ म्हणू नका आणि ‘नाही’ही म्हणू नका. तिला एक थर्मामीटर द्या. शाळेच्या एका खोलीच्या छपराला चुना लावून घ्या, शेजारची तशीच राहू द्या, आणि एप्रिलभर दुपारी दोन वाजता दोन्ही खोल्यांतला पारा मुलांना वहीत लिहायला सांगा. टिनाच्या किंवा स्लॅबच्या छपरावर पांढरा लेप दिला की उन्हाचा बराच भाग परतून जातो हे तुम्हाला पुस्तकातून ठाऊक आहे. मुलांना ते स्वतःच्या अक्षरात दिसेल. मग त्या वह्या घेऊन मंडळीच्या तरुण संघाकडे या. ज्यांची घरे टिनाची आहेत अशा कुटुंबांची यादी आमच्याकडे आहे, चुना स्वस्त आहे, आणि तरुण संघाला सध्या बॅडमिंटनखेरीज दुसरे काम नाही.

प्रश्न : पाळकसाहेब, मी रेल्वेतून निवृत्त झालो असून वडीलमंडळावर आहे. मोबाइलवर रोज व्हिडिओ येतात की युद्धे, भूकंप, महामारी ही सगळी चिन्हे पुरी झाली, आता प्रभूचे येणे काही महिन्यांवर आहे. आमच्याच एका बंधूंनी सभेत मांडले की जे जळून जाणार त्यावर खर्च कशाला, म्हणून मुलींच्या वसतिगृहाची गळती दुरुस्त करू नये, पैसे सुवार्तेच्या पत्रकांवर घालावे. सात जणांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो. मी काय बोलायला हवे होते?

उत्तर : बंधू, ज्या बैठकीत सात माना डोलतात तिथे आठवी न डोलणे हेही काही कमी नाही, पण पुढच्या बैठकीत बोला.

प्रभू पुन्हा येणार हा आपला विश्वास आहे आणि तो मी पातळ करू इच्छित नाही. प्रश्न तारखेचा आहे. स्वर्गारोहणाच्या दिवशी शिष्यांनी काळवेळ विचारली तेव्हा ती जाणणे तुमच्याकडे नाही असे उत्तर मिळाले, आणि ते वर पाहत उभे राहिले तेव्हा दोन पुरुषांनी त्यांना हटकले की आकाशाकडे काय पाहत उभे आहात (प्रेषितांची कृत्ये 1). थेस्सलनीका नगरातल्या मंडळीतही काही जणांनी कामधाम सोडून दुसऱ्यांच्या घरी जेवायला सुरुवात केली होती. त्यांना पौलाने फार गोड शब्दांत लिहिलेले नाही.

अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली होती. हजारो लोक वाट पाहत बसले, काहींनी पिके शेतात तशीच ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला. त्याच वर्षाच्या अखेरीस स्टीफन हिस्लॉप नावाचा एक तरुण स्कॉटिश मिशनरी मुंबईस उतरला आणि पुढच्या वर्षी नागपुरात पोहोचला. त्याने इथे शाळा काढली, गोंडी बोली टिपून घेतली, आसपासचे दगड आणि त्यांतले जीवाश्म गोळा केले. त्याचाही प्रभूच्या येण्यावर विश्वास होता. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना भरल्या ओढ्यात तो बुडाला, वयाची 46 वर्षेही पुरी व्हायची होती. त्याच्या नावाचे महाविद्यालय 1883 मध्ये सुरू झाले, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. त्या महाविद्यालयात शिकलेले कितीतरी लोक तुमच्या मंडळीत बाकांवर बसलेले असतील, कदाचित डोलणाऱ्या सातांपैकीही एखादा. त्याला विचारा की हिस्लॉपने पत्रके वाटून थांबायला हवे होते काय.

आणखी एक जवळचे उदाहरण. 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. त्या एकीची बोलणी 1929 मध्ये सुरू झाली होती. चार दशके बैठका, मसुदे, रुसवेफुगवे. मधल्या काळात महायुद्ध झाले, फाळणी झाली, आणि ज्यांनी पहिल्या बैठकीचा वृत्तांत लिहिला त्यांतले कितीतरी जण शेवटच्या बैठकीपूर्वी गेले. 1942 साली त्यांना कोणी म्हणाले असते की जगाचा अंत आला आहे, आता मसुद्यातली कलमे कसली तपासता, तर त्याच्याकडे पुरावा तुमच्या बंधूंपेक्षा भरपूर होता.

वसतिगृहाविषयी बोलताना करिंथकरांस पहिले पत्र सोबत न्या. पंधरावा अध्याय पुनरुत्थानाचा. मरणा, तुझी नांगी कोठे, असे विचारत तो इतका उंच चढतो की वाचणाऱ्याचा श्वास अडकावा. त्याच्या शेवटच्या वचनात पौल सांगतो की प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. आणि लगेच सोळाव्या अध्यायाचे पहिले वचन काय? वर्गणीविषयी. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने थोडे थोडे बाजूला ठेवावे, म्हणजे मी आल्यावर गोळा करायला नको. अध्यायांचे आकडे पुष्कळ शतकांनी घातले गेले. पौलाने लिहिताना मध्ये श्वासही घेतला नसेल. ज्याला मरणाचा पराभव दिसत होता त्याला हिशेबाची वही क्षुल्लक वाटली नाही.

बैठकीला जाण्यापूर्वी एकदा पावसात त्या वसतिगृहात जाऊन या. मुली पलंग कुठल्या कोपऱ्यात सरकवतात आणि बादल्या कुठे ठेवतात ते पाहून ठेवा. बंधूंनाही बरोबर न्या; बैठकीत वाद घालण्यापेक्षा त्या ओल्या भिंतीखाली दोघांनी उभे राहणे सोपे जाईल.

प्रश्न : माझा मुलगा 23 वर्षांचा आहे. दोन वेळा परीक्षेत अपयश आले आणि तेव्हापासून तो खोलीतून फारसा बाहेर पडत नाही, रात्री जागतो, उपासनेला येत नाही. ‘काही अर्थ नाही’ एवढेच म्हणतो. नातेवाईक म्हणतात की निराशा हे पाप आहे, त्याला पश्चात्तापाची प्रार्थना करायला लावा. मी आई आहे, मला काही सुचत नाही.

उत्तर : बाई, नातेवाइकांना काही दिवस घरी बोलावू नका.

आधी वैद्याचे. झोप, भूक आणि बोलणे असे आठवडेच्या आठवडे बिघडले असेल तर तो आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते, तिथे तुम्ही स्वतः फोन करून विचारू शकता. जगण्यात अर्थ नाही असे तो बोलत असेल तर ‘मरावेसे वाटते का’ हे त्याला सरळ, शांतपणे विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात भरते हा गैरसमज आहे. तो ‘हो’ म्हणाला, किंवा तुम्हाला तशी शंका आली, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पापाविषयी विचारलेत म्हणून सांगतो. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवून आलेला एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसला आणि आता पुरे, माझा जीव घे, असे देवाला म्हणाला (1 राजे 19). यिर्मयाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला. 88 वे स्तोत्र तर शेवटच्या शब्दापर्यंत अंधारातच राहते, आणि तरीही ते आपल्या पूर्वजांनी उपासनेच्या पुस्तकातून काढून टाकले नाही. एलीयाला देवाने काय दिले ते वाचा. दूताने त्याला स्पर्श करून उठवले आणि म्हटले, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती आणि पाण्याची सुरई होती. तो खाऊन पुन्हा झोपला, आणि देवाने त्याला झोपू दिले. दूत दुसऱ्यांदा आला तोही जेवणच घेऊन, वर म्हणाला की वाट तुला फार लांबची आहे. प्रश्न विचारला गेला तो त्यानंतर, कितीतरी दिवसांनी, आणि तोही हळू आवाजात. तू एकटा नाहीस, आणखी 7000 आहेत, हेही तेव्हाच सांगितले गेले.

तुम्ही पत्रात लिहिले नाही, पण तुम्ही रोज त्याचे ताट झाकून त्याच्या दाराबाहेर ठेवत असाल. ठेवत राहा. कधी दार उघडे दिसले तर ताट घेऊन आत जा, खुर्चीवर बसा, परीक्षेचे काही काढू नका, उपासनेचेही काढू नका. भाजीत मीठ कमी पडले का एवढे विचारले तरी चालेल.